सबवूफरवाले काका

अच्युतकाका गेल्याची बातमी कोलकात्याच्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आली, तेव्हा खाली कुणीतरी विचारलं, 'म्हणजे सबवूफरवाले काका का?' ते नाव मी पाडलेलं. मी फोन पालथा ठेवला.

काकांचा जन्म इथलाच, नोकरी शिक्षकाची, घर बालीगंजला. मी बँकेतल्या बदलीमुळे आलेला. निवृत्तीनंतर त्यांच्या जुन्या दोन स्पीकरांना साथ म्हणून मुलीने सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचे सूर वाजवणारं वेगळं खोकं, पाठवला आणि तो नीट बसवायला काकांनी मला बोलावलं. पद्धत मजेशीर होती. काकांच्या ऐकायच्या खुर्चीत वूफर ठेवायचा, तबल्याची रेकॉर्ड लावायची आणि आपण जमिनीला कान लावून खोलीभर रांगायचं. जिथे खर्ज गोळीबंद ऐकू येईल ती वूफरची जागा. काकांचे गुडघे गेलेले, म्हणून रांगायचो मी. मग मागची बटणं... किती खालचे सूर त्याने घ्यायचे, किती जोरात. काका म्हणायचे, "तो आहे हे कळताच कामा नये. डग्गा तबलजीच्या हाताखालूनच आला पाहिजे, कोपऱ्यातून नको."

तिसऱ्या रविवारी माझा धीर संपला. घरून दोन फोन येऊन गेले होते. काका म्हणाले, "किंचित कमी कर." मी मागे हात घालून वूफर बंदच केला आणि विचारलं, "आता?" त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "झालं. आता अगदी बरोबर. नीघ तू."

हा किस्सा मी गणपतीतल्या स्नेहभोजनात रंगवून सांगितला, त्यांच्या मराठीतल्या बंगाली हेलांसकट. लोक पोट धरून हसले. काका समोरच बसले होते, तेही हसले आणि चष्मा पुसत राहिले. त्यानंतर त्यांनी मला कधी बोलावलं नाही. म्हातारपणी माणसं फार मनाला लावून घेतात, असं म्हणून मी मोकळा झालो.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी नीलाकाकूंना भेटायला गेलो. चहा देताना त्या सहज म्हणाल्या, "तू बंद केलास ते त्यांना लगेच कळलं होतं रे. तू जिना उतरलास आणि उठून चालू केला त्यांनी. म्हणाले, मुलं वाट बघत असतील त्याची."

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर..."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, चारचौघांत त्याला खोटं पाडू का?"

मला तिथे बसवेना. काकूंकडूनच कळलं, वूफर जुळवायचं पुढचं सगळं काम त्यांनी एकट्याने केलं होतं, वर्षभर, त्या गुडघ्यांवर रांगून. काकू म्हणाल्या, "लाव काहीतरी. ते गेल्यापासून लावलंच नाही." मी तबल्याची रेकॉर्ड लावली आणि त्यांची खुर्ची सोडून वेताच्या बुटक्या मोड्यावर बसलो. डग्गा भरदार, दोन स्पीकरांच्या बरोबर मधून येत होता. थोड्या वेळाने मी विचारलं, "काकू, वूफर चालू करू?"

"चालूच आहे की," त्या म्हणाल्या.

मी उठून खोक्यावर हात ठेवला. ते थरथरत होतं. मला काहीही कळलं नव्हतं.