पायाखालची फळी

डोंगरकडा गावचे पुंजाजी रेल्वेच्या कारखान्यात सुतार होते. १९७६ साली एक जुनं विजेचं इंजिन संग्रहालयात ठेवायचं ठरलं आणि त्यातल्या चालकाच्या खोलीतल्या पायाखालच्या फळ्या बदलायचं काम त्यांच्याकडं आलं.

रजेवर गावी आले तेव्हा बायकोनं, चतुराबाईनं विचारलं, "सारं लोखंडाचं, मग पायाखाली लाकूड काहून?"

"लाकडातून करंट जात न्हाई. पर मला दुसरंच कोडं पडलंय. मळ खरवडला तर एका फळीवर पावलांचे दोन खळगे निघाले. डावा जास्त खोल."

"चालवणारा लंगडा असंल."

"इतकी वर्षं सगळेच लंगडे व्हय?"

दोघं हसले, पण कोडं काही सुटलं नाही.

कारखान्यात परतल्यावर एक निवृत्त चालक इंजिन बघायला आला. पुंजाजींनी त्याला खळगे दाखवले. म्हातारा त्यांत उभा राहिला, ब्रेकच्या दांड्यावर हात ठेवून डावीकडच्या खिडकीतून बाहेर वाकला. सगळा भार डाव्या पायावर गेला.

"वळणावर सिग्नल बघायला आम्ही सगळेच असे वाकायचो," तो म्हणाला.

पुंजाजींनी कारखान्याच्या साहेबांना त्या फळीपाशी आणलं. "बाकीच्या फळ्या बदलतो. ही तेवढी राहू द्या."

साहेबांनी वाकून खळगे चाचपले आणि होकार दिला.

काम संपल्यावर पुंजाजी चपला काढून त्या फळीवर उभे राहिले आणि खिडकीतून वाकले. समोर नुसती कारखान्याची भिंत होती, तरी ते बराच वेळ बघत राहिले.