कोणाचाच नसलेला कंस

समितीतले सगळे तिला कंसमामी म्हणत आणि तीही हाक आली की ओ देई. संसदेच्या परराष्ट्र आणि संरक्षण समितीत ती सव्वीस वर्षं लघुलेखिका होती. काम सांगायला सोपं. ठरावातल्या ज्या शब्दांवर कोणाची हरकत असेल त्यांच्याभोवती चौकोनी कंस घालायचा, हरकत मिटली की काढून टाकायचा. कंस कोणी घालायला लावला हे मात्र छापील मसुद्यात कधीच यायचं नाही. ते फक्त मामीच्या वहीत असायचं, म्हणजे माघार घेणाऱ्याची पंचाईत होत नसे. आणि 'हा कंस कोणाचा?' असं विचारणं म्हणजे तर असभ्यपणाची कमाल. आता बोला!

यंदाचा ठराव सरहद्दीवरच्या चौक्यांचा. परराष्ट्रमंत्री दुसऱ्या दिवशी शेजारच्या देशात बोलणी करायला निघणार होते. शेजाऱ्यांचं म्हणणं एकच, उद्या तुमचं सरकार बदललं तर? दोन्ही पक्षांच्या सह्यांचा ठराव आणा, मग बोलू. नऊ महिने घासाघीस करून त्रेचाळीस कंसांतले बेचाळीस गेले होते. उरला एक. 'दोन्ही देशांनी डोंगरावरच्या चौक्या [एकाच दिवशी] उठवाव्यात.' या एका कंसावर चार महिने रणकंदन चालू होतं.

मामीचा जावई त्यातल्याच एका चौकीवर होता. त्याची लेक चार महिन्यांची झाली, तरी बापाने तिला अजून मांडीवर घेतलं नव्हतं. आज ठराव झाला तर तो बर्फ पडायच्या आत खाली येणार, नाही तर वाट बंद आणि मग थेट उन्हाळ्यात. मामी हे समितीत कोणाजवळ बोलली नव्हती. लघुलेखिकेला मत नसतं, या एका वाक्यावर बाईने अख्खी नोकरी काढली होती.

सकाळी अध्यक्ष म्हणाले, "मामी, त्या उरलेल्या कंसाची तारीख तेवढी काढून ठेवा हो."

मामीने वही उघडली, पान सापडलं आणि तिचा चष्मा नाकावरून घसरला. त्या कलमापुढे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'दोन्ही बाजूंना मान्य'. आणि त्याखाली, लघुलिपीतच, 'मुलगी. तीन किलो शंभर. दोघी सुखरूप.'

"अगं बाई गं!" मामी रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली.

तिला सगळं लख्ख आठवलं. टेबलाखाली फोन थरथरला होता, निरोप वाचून तिची बोटं हवेत गेली होती आणि खाली येताना मसुदा टंकायच्या यंत्रावर कंसाच्या कळेवर पडली होती. हरकत कोणाचीच नव्हती! कंस मामीचा होता. गुपचूप काढावा तर सरळसरळ खाडाखोड. सांगावा तर सव्वीस वर्षांचं नाव मातीत, शिवाय जावयासाठी बाईने बनाव रचला म्हणायला लोक मोकळे. आणि गप्प बसावं तर पोर बापाविना रांगायला लागणार.

अकराला बैठक सुरू झाली. सत्ताधारी बाजूला जनरल, म्हणजे निवृत्त सेनापती, आवाज असा की पेल्यातलं पाणी हलावं. समोर विरोधकांच्या वकीलबाई, जिभेला धार लावूनच घरून निघालेल्या.

"कंस काढा, आम्ही आत्ता सही करतो," जनरल गरजले.

"ज्यांनी घातला त्यांनी काढावा. तुमचं आधीच काहीतरी ठरलंय, म्हणून तुम्हाला 'एकाच दिवशी' टोचतंय."

"आम्हाला टोचतंय? अहो, तुम्हालाच आम्ही आधी मागे हटलेले हवे आहोत, उद्या पळपुटे म्हणायला!"

"या कंसामागे फार खोल डाव आहे, अध्यक्षमहाराज."

"खोल? पाताळात गेलाय!"

झालं! मामीच्या पोटात हसू उसळलं. तिने ओठ चावला, पेन चावलं, जावयाचा थंडीने फुटलेला चेहरा आठवून पाहिला. कशाचा उपयोग होईना. आणि जनरल छातीवर हात ठेवून म्हणाले, "हा कंस राष्ट्राच्या स्वाभिमानाचा प्रश्न आहे!" तशी मामी जी फुटली ती खो खो हसतच सुटली. डोळ्यांतून पाणी, हातातून वही खाली. सव्वीस वर्षांत या खोलीत तिचा खोकलासुद्धा कोणी ऐकला नव्हता.

"मामी, बरं वाटत नाहीये का?" अध्यक्ष घाबरले.

"कंस माझा आहे, साहेब." ती उभी राहिली. "तुमचा नाही, यांचाही नाही. माझ्या हातून चुकून पडला. आणि माझा जावई त्याच चौकीवर आहे, हेही ऐकून ठेवा. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा, पण आधी ही वही बघा."

वकीलबाईंना लघुलिपी यायची. त्यांनी वही ओढून घेतली, तारीख पाहिली, पान उजेडात धरलं, मागची-पुढची पानंही उलटून पाहिली.

"शाई जुनी आहे. नोंद खरी आहे," त्या शेवटी म्हणाल्या. मग चष्मा काढून, "तीन किलो शंभर?"

"हो."

"छान वजन आहे की!" जनरल म्हणाले. "नाव काय ठेवलंत?"

"बाप आल्याशिवाय नाही ठेवायचं, म्हणते लेक."

जनरलनी वकीलबाईंकडे पाहिलं, वकीलबाईंनी जनरलकडे, आणि दोघंही एकदम हसत सुटले. चार महिने भांडलो ते कशावर, तर एका बाळाच्या आनंदावर! अध्यक्षांनी टेबल बडवून पाहिलं, मग तेही हसायला लागले. पाच मिनिटांत सह्या झाल्या. खालची नोंद मामीने स्वतःच्या हाताने लिहिली, 'कंस लघुलेखिकेच्या चुकीने पडला. एकमताने काढला.' कारवाई म्हणून एक लेखी ताकीद मिळाली. तिच्यावरही दोन्ही पक्षांच्या सह्या होत्या.

मंत्र्यांची बोलणी जमली, चौक्या एकाच दिवशी उठल्या आणि बर्फ पडायच्या आठवडाभर आधी जावई दारात उभा राहिला. काळाठिक्कर, हडकलेला. मामीने त्याला धड बसूही दिलं नाही.

"आधी ऐका. तुम्ही चार महिने जास्त वर राहिलात ते माझ्यामुळे. कंस मीच घातला होता." आणि सगळं घडाघडा सांगून टाकलं.

लेकीने बाळ त्याच्या हातात दिलं. त्याने तिला जरा वर-खाली करून पाहिलं.

"जन्मली तेव्हा किती होती म्हणालात, आई?"

"तीन किलो शंभर."

"आणि आता?"

"सहा-सव्वासहा असेल."

"म्हणजे निम्मी माझ्या माघारीच वाढली की हो ही," तो म्हणाला आणि हसला. मामीही हसायला गेली, पण या वेळी तिला ते जमलं नाही.