चिमणीला गाडी शिकवली तेव्हा

शाळेत तिला सगळ्या लंबू म्हणत. पुढे वर्गातल्या मुली चहूकडे पांगल्या. आजारी आईचं करता करता लंबूचं लग्न राहून गेलं. आई गेल्यावर तिने बायकांना गाडी शिकवायचं काम धरलं. दिवसभर शेजारी कोणी ना कोणी असे. घरी आलं की बोलायला भिंती.

एक दिवस शिकायला चिमणी आली. एकाच बाकावरची मैत्रीण! नवऱ्याची नजर अधू झाली, तेव्हा गाडी तिच्या गळ्यात पडली.

"हसू नकोस हं. मला अजून सायकलसुद्धा धड येत नाही."

"आधी क्लच दाब. रडायला पुढे भरपूर वेळ आहे."

मग रोज गाडी आणि गप्पा एकदमच चालत. चिमणीकडे सगळ्यांची खबरबात. दुसऱ्यांच्या वहीत बघून लिहिणारी आता न्यायाधीश होती. गणितात कायम गटांगळ्या खाणारी तीन जावयांना हाताशी धरून रोपवाटिका चालवत होती. पहिला नंबर न सोडणारी प्राध्यापक झाली, दोन लग्नं मोडली, आता मांजरांसोबत मजेत होती.

"आणि तुझं काय गं?"

"माझं? समोर बघ. ट्रक येतोय."

चिमणी पहिल्या झटक्यात परीक्षा पास झाली. लंबूने तिला घट्ट मिठी मारली. दुसऱ्या दिवशी त्या वेळेला मात्र ती रिकाम्या गाडीत उगाच बसून राहिली.

महिन्याभराने चिमणीने घरी बोलावलं. लंबू ठेवणीतले कपडे घालून गेली. घर नवऱ्याकडच्या पाहुण्यांनी भरलेलं.

"या माझ्या ड्रायव्हिंगच्या मॅडम," चिमणीने ओळख करून दिली.

लंबूने कसाबसा चहा संपवला आणि ती उठली. चिमणी मागोमाग जिन्यापर्यंत आली.

"रागावलीस? अगं, लग्नापासून ह्यांच्या घरात मी माझं वय पाच वर्षांनी कमी सांगत आलेय. तुझे हे पांढरे केस, त्यात आपण एका वर्गातल्या म्हटलं असतं, तर माझं बिंगच फुटलं असतं!"

लंबूला हसू आवरेना. दोघी भिंतीला टेकून, तोंड दाबून हसल्या. तेवढ्यात आतून चिमणीला हाक आली.

"फोन करते गं," म्हणत ती आत गेली. दार लागलं.

लंबू खाली येऊन गाडीत बसली. वरच्या खिडकीतून हसण्याचे आवाज येत होते. ते तिने थोडा वेळ ऐकले. घरी जायची घाई नव्हती, म्हणून तिने लांबचा रस्ता घेतला.