मेलेल्या पेशींचा निकाल

रक्ताच्या प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञाला सगळे ‘महाराज’ म्हणत. हा मान आहे असं समजणारे तिथे ते एकटेच.

तीव्र रक्तकर्करोगाच्या रोग्यांचे नमुने त्यांच्याकडे येत. पेशीच्या अंगावर बारीक खुणा असतात. प्रत्येक खुणेला चिकटणारं वेगळं रंगीत रसायन घालून नमुना यंत्रातून सोडायचा. कोणत्या खुणा उजळल्या यावरून रोगाची जात कळते, आणि तो औषधाला कितपत दाद देईल याचा थोडाफार अंदाज येतो. तो अंदाज बांधायचा डॉक्टरांनी, तोही बाकीच्या तपासण्या जोडून. महाराजांना तेवढा धीर कुठला! कागद छापून व्हायच्या आत ते निकालाच्या खिडकीशी येत, चष्मा पुसत, सुस्कारा सोडत आणि नातेवाइकांना जगण्यामरण्याचा निकाल देऊन टाकत. समोरचं माणूस पांढरं पडलं की यांना जेवण गोड लागे.

एका संध्याकाळी एका ट्रकचालकाचा नमुना आला. महाराजांची घरी जायची घाई. त्यांनी तो सरळ बर्फाच्या कप्प्यात कोंबला आणि निघाले. सकाळी वितळवून यंत्रात घातला. गोठून पेशी मेल्या होत्या, आणि मेलेली पेशी मिळेल तो रंग अंगाला फासून घेते. पडद्यावर एकमेकींशी न पटणाऱ्या सगळ्या खुणा एकदम पेटल्या. दुसऱ्या कुणीही नमुना फेकून दिला असता. महाराजांना मात्र दुर्मिळ, असाध्य रोग सापडला.

“वहिनी, खोटं कशाला सांगू,” ते चालकाच्या बायकोला म्हणाले, “सगळ्याच खुणा वाईट.”

“मग औषध, भाऊजी?”

“औषधानं नुसते हाल होतील. घरी न्या. काय खावंसं वाटेल ते द्या.”

तिनं डोळे पुसले आणि नवऱ्याला घरी नेलं.

दुपारी डॉक्टरीणबाईंना चालकाची खाट रिकामी दिसली. कागद घेऊन त्या तडक खाली प्रयोगशाळेत आल्या.

“नमुना कुठे ठेवला होतात?”

“फ्रीझरमध्ये, मॅडम. नासू नये म्हणून.”

“वाटाणे होते का ते? पेशी मेल्यात, महाराज. माणूस अजून जिवंत आहे. त्याला घरी धाडणारे तुम्ही कोण?”

“यंत्रानंच दाखवलं...”

“यंत्र खिडकीशी जाऊन बोललं का?”

बाईंनी स्वतः फोन केला. पण चालक हटून बसला. “सकाळी मरणार होतो, दुपारी जगणार. उद्या पुन्हा मारतील. मी नाही येत.” अंगात ताप भरला होता. घरात निरोप घ्यायला पाहुणे जमलेले. मेहुणा तर ट्रकची किल्ली बोटावर फिरवत होता. “दाजी, गाडीची काळजी करू नका, मी बघतो.”

“किल्ली खाली ठेव,” चालकाची बायको भावावर कडाडली. “मेले नाहीत ते अजून. अहो, उठा! बसून राहिलात तर हा उद्या गाडी रंगवायला घेईल.”

चालक उठला.

नवा नमुना दुसऱ्याच माणसानं लावला. खुणा स्पष्ट आल्या, बहुधा औषधाला दाद देणाऱ्या जातीच्या. महाराज कँटीनमध्ये सांगत होते, “मला तेव्हाच शंका आली होती!” इकडे ताप आधी उतरवायचा म्हणून औषध लांबलं, ते शेवटी आज सुरू व्हायचं होतं.

“खुणा चांगल्या निघाल्या म्हणे,” चालक म्हणाला. “मग वाचतो ना मी?”

“बाई म्हणाल्या, आशा आहे, खात्री नाही,” बायको म्हणाली.

“एवढंच?”

“एवढंच. हात पुढे करा, नर्सबाई ताटकळल्यात.”