बकुळाचं दुसरं क्लिक

सगळं जग बोटांनी फोनची काच पुसायला लागलं, तरी घोडपदेवच्या चाळीतले विकाससर माउसच धरून बसले होते. दादरच्या क्लासात त्यांनी आयुष्यभर सी ही कॉम्प्युटरची भाषा शिकवली. जुन्या कॉम्प्युटरवरच्या डॉसमध्ये माउसचं बटण दाबलं की आपला कोड कसा जागा होतो, हे सांगताना त्यांना तहानभूक राहायची नाही. बायको बकुळा म्हणायची, माझी हाक सोडून यांना त्या बटणाची बरी ऐकू येते.

गेल्या वर्षी बकुळाला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला, डाव्याला कंप राहिला. मुलीनं आणलेल्या फोनला बोट लागलं की भलतंच काहीतरी उघडायचं. मग सरांनी पोटमाळ्यावरचा जुना पीसी खाली काढला. पडद्यावर पाणी, पंखा, औषध अशी चित्रं एकेक करून यायची. हवं त्यावर तिनं बटण दाबलं की टूं वाजायचं. थरथरत्या बोटानं बटण दोनदा दाबलं जाई, म्हणून लगेच आलेलं दुसरं क्लिक सोडून द्यायचं, अशी अट त्यांनी कोडमध्ये घातली.

सर खूश होते. पण दुपार झाली की बकुळा बटण दाबायची, सर पाणी आणायचे आणि ती मान फिरवायची. पंखा लावला तरी तेच. एके दिवशी तिनं माउस ढकलून दिला आणि रडली. सरांच्या जिवाला फार लागलं. इतका संसार करून हिला काय हवंय ते आपल्याला कळू नये?

कोड कुठे चुकतोय ते बघायला त्यांनी ती अट काढली. बकुळानं डोळे पुसून बटण दाबलं. टूं टूं. थांबून पुन्हा टूं टूं.

पातळ भिंतीपलीकडून दोनदा ठकठक झाली आणि शेजारच्या राधाबाई रिकामा कप घेऊन दारात आल्या.

"इलंय गो," हाकेला ओ द्यावी तशा त्या म्हणाल्या.

मग त्यांनीच सांगितलं. सर क्लासात असायचे तेव्हा बकुळा रोज दुपारी चहा टाकून भिंतीवर दोनदा ठोकायची, की राधाबाई कप घेऊन यायच्या. आजारपणात राधाबाई विचारपूस करून जायच्या, पण चहाला कुणी बोलावलं नव्हतं.

बकुळाला स्वतःसाठी काही नकोच होतं. सर उठले आणि त्यांनी आधण ठेवलं. ती अट त्यांनी परत घातली नाही. चहा झाल्यावर बकुळानं डाव्या हातानं पहिला कप राधाबाईंपुढे सरकवला. थोडा सांडला.