तातोबामामांचा पोटातला घोर

भट्टीतलं लोखंड साच्यात ओतलं की तातोबामामा जेवायचे नाहीत. साचा निवायला दोन-तीन तास लागायचे, तोवर डबा बंद. "माल डोळ्यानं बगितल्याबिगर घास उतरत न्हाय, सायेब," म्हणायचे. कागलच्या एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीतले ते सर्वांत जुने मोल्डर, वाळूचे साचे बनवणारे. मी माल तपासणारा, त्यांच्या मुलाच्या वयाचा. साचा फोडला की आतल्या ज्या कास्टिंगमध्ये, ओतलेल्या भागात, खोट दिसेल त्यावर मी लाल खडूनं फुली मारायचो, म्हणजे तो माल बाद. मामा मागे उभे, एक हात पोटावर. मला वाटायचं, सवय असेल.

पोट दुखायला लागलं तेव्हा मामांनी सगळा दोष मामींच्या चटणीवर ढकलला. घरात तिखट बंद. रविवारचा तांबडा रस्साही गेला. दोन महिने माणूस दूधभातावर! "कोल्हापूरचा गडी दूधभात खातोय, कुणाला सांगू नगासा," अशी मला तंबी. मामी बिचाऱ्या आपल्याच हाताला नावं ठेवत राहिल्या आणि दुखणं काही हटेना.

एका सकाळी हात धुताना मामा हळूच म्हणाले, "सायेब, शौचाला काळं हुतंया. आमच्या थोरल्याचंबी असंच सुरू झालतं." त्यांचा थोरला भाऊ पोटाच्या कॅन्सरनं गेला होता. तसाच त्यांना गाडीवर बसवून कोल्हापूरला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं. अल्सर होता, त्यातून रक्त जात होतं. कॅन्सर आहे का ते बघायला तिथला तुकडा तपासायला पाठवला, मामांना तीन दिवस ठेवून घेतलं.

"पोटात जंतू असले तर असा घाव होतो, तेही बघू," बाई म्हणाल्या. "पण सतत घोर घेतला की अंगात ताणाची रसायनं सुटतात. पोटाच्या अस्तराला रक्त कमी मिळतं, ते कमजोर होतं आणि आम्लाचं फावतं. झालेला घावही लवकर भरत नाही. तिखटानं जळजळ वाढेल, पण घाव काही चटणीनं केलेला नाही."

"म्हंजे डोस्क्यातली भट्टी पोटात वततीया म्हणा की!"

बाई हसल्या. "जास्त कधी दुखतं?"

मामांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्येंनी खडू काढला की."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामा परत कामावर आल्यावर मी त्यांना आधी जेवायला बसवायचो, मगच साचे फोडू द्यायचो. खोट दिसली तर फुली मारण्याआधी बोलावून दाखवायचो. ते कुरकुरायचे, पण ऐकायचे. चित्त मात्र दोघांचंही रिपोर्टाकडे.

नवव्या दिवशी रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. जंतू निघाले होते, ते गोळ्यांनी जाणार होते. मला इतकं हलकं वाटलं की मी दवाखान्याच्या पायरीवरच बसलो. मामांनी मामींना फोन लावला.

"आगं, तसलं कायबी न्हाय. थोरल्यागत न्हाय म्हणत्यात."

पलीकडून रडणं ऐकू आलं.

"आता रडतीस कशाला? हाय की मी!" मामा सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असे ओरडले, आणि माझा खांदा घट्ट धरून स्वतःच रडायला लागले.