गच्चीवरचा दुसरा झेंडा

झेंड्यांच्या बाबतीत मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत माझा शब्द अखेरचा मानला जाई. कारण एवढंच, की मी वर्तमानपत्रात नोकरी करतो.

प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी काकांना माळ्यावरच्या ट्रंकेत एक जुना झेंडा सापडला. वर पांढरा पट्टा, मध्ये हिरवा, खाली लाल. मधोमध पुसट गोल.

"काय रं हे?"

"चरख्याचा झेंडा! स्वातंत्र्यलढ्यातला, आजच्या तिरंग्याच्या आधीचा. हा गोल म्हणजे चरख्याचं चाक." (चाकाला आरे का नाहीत, हा प्रश्न मला पडला नाही. असे प्रश्न मी इतरांच्या बातम्या वाचतानाच विचारतो.)

"म्हंजे आपल्या घरात स्वातंत्र्यसैनिक हुता?" काकांनी झेंडा कपाळाला लावला. "मग लावायचाच!"

मी नियम सांगितले. तिरंगा उंच. दुसरा झेंडा वेगळ्या काठीवर, ठेंगणा, तिरंग्याच्या डावीकडे. सकाळी सगळं नियमानुसार पार पडलं. मी छोटं भाषणही केलं. चहाचा कप तोंडाला लावतो तोच खाली आरडाओरडा सुरू झाला. आमच्या तालमीची पोरं दारात उभी होती.

"ओ साहेब! त्यांचा झेंडा आमच्या पेठेत? आणि आज? फायनलच्या दिवशी?"

"कुणाचा?"

"पलीकडच्या तालमीचा! मधी फुटबॉल दिसत न्हाय व्हय?"

मी वर पाहिलं. फुटबॉलच होता! कोल्हापुरात प्रत्येक तालमीचा फुटबॉल संघ असतो; इथे निवडणुकीतली भांडणं मिटतात. फुटबॉलमधली वारसाहक्काने पुढे जातात.

एवढ्यात हुपरीला बहिणीकडे गेलेली काकू मागच्या दाराने शिरून गच्चीवर आली.

"अगं बाई! माझ्या ट्रंकेतला झेंडा! आमचा दादा गोलकीपर हुता न्हवं त्या तालमीचा!"

"काकू, हळू बोल! उतरवतो मी तो."

"खबरदार! दादाचा झेंडा धुण्यागत वढलास, तर माहेरची समदी पोरं बोलावीन!"

बोलवायची गरज नव्हती. गच्चीचा फोटो मोबाइलवरून तिकडे पोचला होता, आणि गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या मोटारसायकली थांबत होत्या. झेंडा ठेवला तर आमचे मारणार, ओढला तर त्यांचे! काका न्हाणीघरात गेले आणि आतून कडी लावली.

"साहेब, एकदाच सांगा," दोन्हीकडून आवाज आला. "झेंडा कुणाचा?"

मी कठड्यावरून खाली वाकलो. तोंडातून शब्द आला, "बल्गेरियाचा."

भराभर मोबाइल निघाले. पांढरा, हिरवा, लाल.

"व्हय की! तंतोतंत!"

"आणि बॉल?"

"त्यांच्या... फुटबॉल संघाचा आहे तो."

आमचा म्होरक्या म्हणाला, "मग आमची तक्रार न्हाय." पलीकडचा म्हणाला, "पावण्यांचा झेंडा हाय. दमानं उतरवा." दोन्ही तालमी सावधान उभ्या राहिल्या आणि मी काकूच्या दादाच्या तालमीचा झेंडा राजशिष्टाचाराने खाली घेतला. (काकू चार दिवस माझ्याशी बोलली नाही.)

जीव वाचला, पण तेव्हापासून मी पेठेतला बल्गेरियाचा एकमेव समर्थक आहे. विश्वचषक जवळ आला की पोरं अडवतात, "साहेब, तुमचं बल्गेरिया यंदा हाय का न्हाय?"

"नाही. पात्रता फेरीतच गेलं," मी हळहळून सांगतो. सुरुवातीला ही हळहळ निव्वळ भीतीपोटी होती. आता बल्गेरिया हरलं की मला खरंच जेवण जात नाही!